पन्नाशीनंतर डोळ्यांचा मेकअप, तोही कोकणच्या दमट हवेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायका विचारतात, कधी पार्लरच्या खुर्चीत, कधी हळदीच्या आदल्या दिवशी, आणि बहुतेक वेळा काजळ गालावर उतरल्यानंतर. उत्तरं किनारपट्टीची हवा धरून दिली आहेत. पुण्यात संध्याकाळपर्यंत टिकलेला मेकअप मालवणात जेवणाच्या पंगतीपर्यंत टिकेलच असं नाही.

पूर्वी शोभायचा तोच मेकअप आता चेहरा थकलेला का दाखवतो?

मेकअप तोच आहे, पापणी बदलली आहे. अंगावरच्या सगळ्या कातडीत पापणीची कातडी पातळ. वयाबरोबर ती सैल होते, भुवईची शेपटी जराशी खाली येते आणि दोन्ही मिळून पापणीच्या घडीवर झडप उतरवल्यासारखं होतं. मग डोळा मिटून निगुतीने लावलेला रंग डोळा उघडला की घडीत गडप होतो. जो थोडा बाहेर उरतो तो नेमका कडेला, खालच्या दिशेने कललेला. बघणाऱ्याला डोळे उतरलेले वाटतात ते त्यामुळे.

म्हणून खालची निम्मी उत्तरं फिरून एकाच गोष्टीवर येतात: रंग कुठवर न्यायचा हे उघड्या डोळ्याने ठरवायचं, मिटलेल्या नाही. आरसा डोळ्यांच्या रेषेत टेकवा, हातात धरू नका. सरळ समोर बघा आणि भुवया सैल सोडा. आरशासमोर भुवया उचलायची सवय जवळजवळ प्रत्येकीला असते आणि तिनेच सगळं गणित चुकतं. आता ब्राउन पेन्सिलीने घडीच्या थोडं वर, जिथे हाताला भुवईखालच्या हाडाची कड लागते तिथे, एक बारीक ठिपका द्या. डोळा उघडा असताना ठिपका दिसला पाहिजे. दिसला तर ती तुमची नवी घडी. नाही दिसला तर दोन-तीन मिलिमीटर वर सरका.

सामान किती लागतं?

फारसं नाही. पापणीचा प्रायमर (रंग धरून ठेवणारा, सगळ्यात आधी लावायचा थर) किंवा पातळ कन्सीलर (डाग झाकणारं क्रीम), तीन मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, रंगांची छोटी आयशॅडो (त्वचेच्या रंगाची, मध्यम ब्राउन, गडद ब्राउन), गडद ब्राउन जेल पेन्सिल, मस्करा, पापण्या वळवायचा कर्लर, भुवईची पेन्सिल. ब्रश तीन: एक मऊ गोल, एक चपटा, एक तिरक्या टोकाचा बारीक. अठ्ठेचाळीस रंगांची पेटी भेट म्हणून आली असेल तर नातीला द्या. तिला त्याचा जास्त उपयोग आहे.

काजळ तासाभरात डोळ्याखाली उतरतं. कुठल्या कंपनीचं घेतलं म्हणजे उतरणार नाही?

कंपनी बदलून हे थांबत नाही, कारण दोष जागेचा आहे. खालच्या पापणीची आतली कड सतत ओली असते. तिथे लावलेलं काजळ मेण आणि तेलाचं असतं. दर मिटकावणीला थोडं अश्रूंत मिसळतं आणि बाहेर ढकललं जातं. बाहेर आलं की डोळ्याखालची बारीक सुरकुती त्याला ओघळायला वाट देते. त्यात आपल्याकडचा घाम वाळत नाही, वर चेहऱ्याला खोबरेल किंवा जाड क्रीम लावलेलं असतं. तेलात तेल विरघळतं, दुसरं काही नाही. चोवीस तास टिकणारं असं वेष्टनावर छापलेलं काजळसुद्धा तेलकट कातडीवर हात टेकतं.

उपाय असा. खालच्या आतल्या कडेला काही लावू नका. काजळाचा काळेपणा हवा असेल तर तो वरच्या पापणीच्या केसांच्या मुळांशी आणा. मान थोडी मागे, नजर खाली, आणि पेन्सिलीचं टोक केसांच्या मधल्या मोकळ्या जागांत टेकवत जायचं. रेघ ओढायची नाही, ठिपके भरायचे. वयाने पापण्यांचे केस विरळ होतात आणि मधून कातडी दिसायला लागते. तेवढी फट बुजली तरी डोळा भरलेला दिसतो, आणि लायनर लावलंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

खालच्या बाजूला अगदीच सुनं वाटत असेल तर बाहेरच्या एक तृतीयांश भागात, केसांच्या खालून, मध्यम ब्राउन आयशॅडो कोरड्या ब्रशने. ती भुकटी असल्याने सहज उतरत नाही. त्याआधी डोळ्याखालची कातडी टिश्यूने टिपून कोरडी करा.

आणि तरीही आतल्या कडेला काजळ हवंच असेल, कारण पन्नास वर्षांची सवय आहे आणि त्याशिवाय आरशात स्वतःची ओळख पटत नाही, तर ते कार्यक्रमाच्या अगदी तोंडावर घाला, पातळ एकच हात द्या, आणि बरोबर दोन इअरबड ठेवा.

घरी धरलेलं काजळ तर शुद्ध असतं ना? ते घातलं तर?

एरंडेलाच्या किंवा तुपाच्या दिव्यावर तांब्याचं भांडं पालथं घालून धरलेली काजळी म्हणजे मुख्यतः कार्बन. त्यात तूप कालवलं की काजळ झालं. साजूक तूप अंगाच्या उबेनेच पातळ होतं, मग मे महिन्यात ते डोळ्यात थांबेल ही अपेक्षा कशी धरायची? शिवाय डबीत रोज बोट जातं, त्याच बोटाने दुसरीच्याही डोळ्यात जातं, आणि जंतू एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात पोहोचतात. कपाळावर, कानामागे तीट म्हणून लावायला ते ठीक आहे.

सुरम्याची गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर. पारंपरिक सुरमा अनेकदा शिशाच्या खनिजाचा, म्हणजे लेड सल्फाइडचा असतो. जत्रेत सुटी मिळणारी, उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली नसलेली कुठलीही डबी डोळ्याजवळ नेऊ नका.

लायनरची रेघ सरळ येतच नाही. हात कापतो, कातडीही हलते.

सरळ रेघ काढायचा हट्ट सोडला की निम्मं काम झालं. लिक्विड लायनर सैल पापणीवर सुरकुतीत शिरतं आणि वाळल्यावर तिथेच तडकतं. रेघ करवतीसारखी दिसते ती हाताच्या चुकीने नव्हे.

कोपर टेबलावर टेकवा, करंगळी गालाच्या हाडावर. पापणी कानाकडे ओढू नका. ओढून काढलेली रेघ बोट सोडल्यावर आखडते आणि वाकडी होते. त्याऐवजी दुसऱ्या हाताच्या बोटाने भुवई हलकेच वर उचला, तेवढ्याने पापणी पुरेशी ताठ होते. जेल पेन्सिलीने केसांच्या मुळाशी चार-पाच तुटक रेघा द्या. मग तिरक्या ब्रशवर गडद ब्राउन आयशॅडो घेऊन त्या तुटक रेघांवर दाबत दाबत जोडा. कड धूसर राहू द्या. पक्क्या रेघेपेक्षा ही धूसर कड कातडीचं वय जास्त लपवते, आणि चुकली तरी कळत नाही.

जाडीचं गणित: आतल्या कोपऱ्यापासून मध्यापर्यंत केसभर, मग वाढत जाऊन बाहेरच्या तृतीयांशात सगळ्यात जाड, तीही दीड मिलिमीटरच्या आत. सगळीकडे सारखी जाड रेघ दिली तर पापणीचा उरलेला थोडा भागही ती खाऊन टाकते. जेल पेन्सिल लावल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात बसते, जी सारवासारव करायची ती त्याच्या आत.

टोकाला शेपटी काढावी का?

लहान काढली तर शोभते. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर कातडीची आडवी घडी असेल तर मात्र मिटलेल्या डोळ्यावर काढलेली शेपटी उघडल्यावर मधोमध मोडलेली दिसते. डोळा उघडा ठेवून, खालच्या पापणीची रेषा भुवईच्या टोकाकडे जशी गेली असती त्या दिशेने, तीन-चार मिलिमीटर. वरच्या पापणीच्या रेषेमागे जाऊ नका. ती वयाने खाली वळलेली असते आणि शेपटीलाही खाली नेते.

पापणी पूर्ण झाकली जाते. आयशॅडो लावण्यात अर्थ आहे का?

सगळ्यात जास्त अर्थ इथेच आहे. क्रमाने:

प्रायमर दोन्ही पापण्यांना मिळून मसुराच्या एका दाण्याएवढा. अनामिकेने टिपून लावा, केसांपासून भुवईखालच्या हाडापर्यंत, आणि मिनिटभर थांबा. जास्त घेतला तर तोच घडीत गोळा होतो आणि पांढरी रेघ दिसते.

त्वचेच्या रंगाची मॅट भुकटी सगळीकडे, अगदी हलकी. पुढचा रंग हिच्यावर घसरतो, अडकत नाही. ही पायरी गाळली की डागडाग उठतात.

मग मध्यम ब्राउन. ब्रश रंगात एकदाच टेकवा आणि डबीच्या कडेला झटका. डोळा उघडा. आधी दिलेल्या ठिपक्यापासून सुरुवात करून मोटारीच्या काचेवरच्या वायपरसारखा ब्रश डावीकडून उजवीकडे आणि परत. झुकलेल्या कातडीवर हा मध्यम गडद रंग पडला की ती मागे सरकल्यासारखी वाटते. म्हणजे जो भाग पुढे आलाय तो गडद, जो दिसायला हवा तो उजळ. तरुणपणी पापणी गडद आणि वरचं हाड उजळ असं करत होतात, त्याच्या बरोबर उलट. भुवईखाली पांढरी चमक लावायची जुनी पद्धत आता सोडून द्या. तिने फुगीर भाग आणखी फुगतो.

गडद ब्राउन फक्त बाहेरच्या कोपऱ्यात, वाटाण्याएवढ्या जागेत, आणि पसरवायचा तो वर आणि बाहेर. कोपऱ्याच्या खाली उतरला तर ब्रशने परत लावत बसू नका, इअरबडवर थोडं कन्सीलर घेऊन खालची कड साफ कापा. एवढ्या एका पुसण्याने डोळ्याचा कोपरा वर उचलल्यासारखा दिसतो. शेवटी मिटलेल्या पापणीच्या मध्यावर उजळ रंगाचं एक बोट.

सगळं मिळून दोन डोळ्यांना दहा मिनिटं. पहिल्या आठवड्यात वीस धरा.

एका डोळ्याची पापणी दुसऱ्यापेक्षा खाली आहे. दोन्ही सारखे कसे दिसतील?

मिलिमीटरभराचा फरक असतोच. जी जास्त झुकलेली, तिथे मध्यम ब्राउन थोडं वर न्या आणि लायनर बारीक ठेवा. सारखं *लावायचं* नाही, सारखं *दिसेल* असं लावायचं. मात्र पापणी अचानक, दिवसादोन दिवसांत खाली आली असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा बरोबर डोकेदुखी असेल, तर आरसा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कोणते रंग निवडावेत? काळा वाईट का?

काळा वाईट नाही. पण केस पांढरे होतात, भुवया फिक्या होतात, ओठांचा रंगही उतरतो, आणि मग चेहऱ्यावर काळी रेघ एकटीच ओरडत राहते. केस काळे ठेवले असतील तर गडद ब्राउनमध्ये थोडा काळा चालतो. रुपेरी केसांना राखी-ब्राउन आणि गडद निळा फार सुंदर दिसतो.

गव्हाळ रंगाला भाजलेल्या खोबऱ्यासारखा ब्राउन, शेवाळी आणि वांगी. सावळ्या रंगाला तांबूस ब्राउन, मोरपंखी आणि गडद जांभळा. फिका गुलाबी किंवा फिका राखाडी तिथे पीठ सांडल्यासारखा दिसतो. अमसुली रंग साडीत कितीही खुलत असला तरी डोळ्याला थेट लावू नका, लालसर छटेने डोळे आल्यासारखे दिसतात. लावायचाच असेल तर आधी गडद ब्राउन लायनरची कड द्या आणि अमसुली तिच्या वर ठेवा. मध्ये ब्राउन आला की लाली डोळ्याची वाटत नाही.

हिरव्या साडीला हिरवी आयशॅडो ही पद्धत विसरा. साडीचा रंग काठात आहे, गजऱ्यात आहे, चुड्यात आहे. पापणीवरही तोच आणायची गरज नाही.

चमक अजिबात नको का?

थोडी हवी. जाड कणांची ग्लिटर नको, ती प्रत्येक सुरकुतीत चमकते. रेशमासारखी बारीक चमक फक्त पापणीच्या मध्यावर, घडीच्या खाली.

भुवया विरळ आणि पांढऱ्या झाल्यात. केसांचा डाय लावला तर चालेल?

नाही. काळ्या डायमध्ये बहुधा पीपीडी हे रसायन असतं. भुवया किंवा पापण्या रंगवू नका, अंधत्व येऊ शकतं, अशी सूचना अशा डायच्या वेष्टनावर छापलेली असते. अक्षर इतकं बारीक की चष्म्याशिवाय वाचता येत नाही, पण असते. "काळी मेंदी" म्हणून मिळणाऱ्या पुडीतही पीपीडी असू शकतं.

भुवयांना पेन्सिल किंवा भुकटी पुरते. रंग केसांच्या मूळ रंगापेक्षा एक छटा फिका. केस पूर्ण पांढरे असतील तर राखी-ब्राउन. शेपटी कुठे संपवायची हे पेन्सिलीने मोजा: नाकपुडीच्या बाजूला एक टोक, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून तिरकी धरा, जिथे भुवईला भेटेल तिथे थांबा. त्याच्या खाली नेलेली शेपटी सगळा चेहरा खाली ओढते. आधी शेपटी, मग मधला भाग आणि सुरुवात सगळ्यात शेवटी, ब्रशवर जे उरलं असेल तेवढ्यानेच. केसांच्या दिशेने बारीक रेघा द्या. शिक्का मारल्यासारखी एकसारखी भरलेली भुवई दुरूनच ओळखू येते.

थ्रेडिंगला बसलात की वरच्या बाजूचे केस काढू नका असं आधीच सांगा. साठीत काढलेला केस परत येईलच याची खात्री नाही.

मस्करा चष्म्याच्या काचेला आणि डोळ्याखाली लागतो.

कारणं दोन. केस सरळ पुढे असतात म्हणून काचेला टेकतात, आणि तेलकट कातडीला लागून विरघळतात. आधी कर्लर, मस्करा नंतर. उलट केलं तर केस तुटतात. कर्लर मुळाशी धरून पाच अंक मोजा, मग मध्यावर आणखी पाच. मस्कराची कांडी नळीच्या तोंडाशी निपटून घ्या, मुळाशी नागमोडी हलवा आणि टोकाकडे फक्त ओढत आणा. एकच हात, फक्त वरच्या केसांना. कांडी नळीत वरखाली कोंबू नका, आत हवा जाऊन मस्करा लवकर सुकतो.

दमट हवेत साध्या मस्करापेक्षा ट्यूबिंग प्रकारचा चांगला. तो प्रत्येक केसाभोवती पातळ नळीसारखा बसतो, तेलात विरघळत नाही, आणि कोमट पाण्याने हलकं दाबलं की बारीक तुकड्यांत निघून येतो. वॉटरप्रूफ टिकतो खरा, पण काढताना चोळावं लागतं, आणि आधीच विरळ झालेले केस त्यात जातात.

खोट्या पापण्या?

पूर्ण पट्टी झुकलेल्या पापणीला जड होते, आणि घामाने कोपरा सुटतो तो नेमका फोटोच्या वेळी. बाहेरच्या कोपऱ्यात दोन-तीन सुटे झुपके, तेही आपल्याच केसांच्या लांबीचे, पुरेत.

चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा लावून मेकअप करता येत नाही. मार्ग काय?

पाचपट मोठं दाखवणारा आरसा, स्टँडवाला. दहापट घेऊ नका, त्यात एका वेळी अर्धाच डोळा दिसतो आणि दोन डोळ्यांचा मेळ चुकतो. एकेक काच खाली पडणारा मेकअपचा चष्माही मिळतो. आपल्या घरांत माजघर अंधारं आणि ट्यूबलाइट डोक्यावर, त्यामुळे डोळ्याखाली सावली पडते आणि हात जास्त रंग घेतो. ओटीवर किंवा खिडकीकडे तोंड करून बसा. पावसाळ्यात मळभ असेल तर मधे दोनदा दारात जाऊन बघून या.

चष्मा कोणता यावर मेकअप बदलतो. प्लसच्या काचेने डोळे मोठे दिसतात, आणि त्याबरोबर चुकाही. तिथे मॅट रंग आणि नीट मिसळलेल्या कडा. मायनसच्या काचेने डोळे लहान दिसतात; तिथे उजळ पापणी, ठळक मस्करा, आणि खालची कड पूर्ण मोकळी. फ्रेम जाड काळी असेल तर लायनर कमी करा, कड आखायचं काम फ्रेमनेच केलेलं असतं.

डोळ्याखालचं कन्सीलर सुरकुत्यांत जमतं.

प्रमाण जास्त आहे. एका डोळ्याला तांदळाच्या एका दाण्याएवढं, बस. आपल्याकडची वर्तुळं तपकिरी-निळसर असतात. त्यांवर थेट फिकं कन्सीलर लावलं की राखेसारखा रंग येतो. आधी पीच रंगाचा करेक्टर (सावळ्या रंगाला नारिंगीकडे झुकणारा) फक्त काळ्या भागावर, मग त्वचेच्याच छटेचं कन्सीलर. हसल्यावर जिथे सुरकुत्या पडतात तो बाहेरचा भाग मोकळा सोडा. लावून झालं की अर्धा मिनिट थांबा, एकदा डोळे बारीक करून हसा, सुरकुतीत आलेलं बोटाने टिपून घ्या, आणि त्यानंतरच पावडर, तीही लहान ब्रशने आतल्या कोपऱ्याजवळ. पफने दाबलेली पावडर दोन तासांनी कोरड्या शेतासारखी भेगाळते.

मे महिन्यातलं लग्न, मी वरमाय. सकाळी सहाला तयार होऊन रात्रीच्या वरातीपर्यंत डोळे कसे टिकवायचे?

आदल्या रात्री डोळ्यांभोवती तेल, बदामाचं असो वा खोबरेल, लावू नका. सकाळी तोंड धुऊन पातळ मॉइश्चरायझर, दहा मिनिटं थांबा, टिश्यू दाबून जादा काढा. सनस्क्रीन डोळ्यांजवळ झिंक ऑक्साइडचं वापरा; बाकीची अनेक घामाबरोबर डोळ्यात उतरून चुरचुरतात, आणि मग लोकांना वाटतं वरमाय आत्तापासूनच रडायला लागली. सगळा मेकअप पंख्याखाली बसून करा, साडी त्यानंतर.

मांडवात तीन गोष्टी डोळ्यांवर येतात: घाम, होमाचा धूर आणि रडू. घाम डोळ्यांपाशी यायच्या आधी कपाळावर आणि केसांच्या कडेला टिपायचा. धुराने डोळे चुरचुरले तर चोळू नका. होमाच्या वेळी वाऱ्याची दिशा बघून बसायची जागा धरा. भटजींना विचारलंत तर तेही पाट थोडा सरकवतील. रडू आलं तर मान खाली घालू नका, टिश्यूची घडी करून तिचं टोक आतल्या कोपऱ्यात धरा, पाणी तिथेच शोषलं जातं. पदराने पुसलंत तर लायनर पदरावर आणि पदरावरची जर डोळ्यात.

बटव्यात ठेवायचं: टिश्यू, चार इअरबड, ब्राउन पेन्सिल, कॉम्पॅक्ट. दुपारी पंगत उठल्यावर डोळ्याखाली उतरलेलं काळं आधी कोरड्या इअरबडने उचला, मगच वर पावडर. काळ्यावरच पावडर मारली की राखाडी डाग पक्का बसतो.

गौरी-गणपतीत हाच क्रम, फक्त कापूर आणि उदबत्तीचा धूर दिवसातून दोनदा असतो. त्यामुळे त्या दिवसांत आतल्या कडेचं काजळ खरंच सोडा. शिमग्यात पालखीपुढे गुलाल उधळला जात असेल तर डोळ्यांना काहीच लावू नका, ओल्या काजळाला गुलाल चिकटून बसतो.

डोळे कोरडे पडतात, मधेच पाणी येतं. मेकअप बंद करू का?

पाळी थांबल्यानंतर कोरडेपणाची तक्रार वाढते. पाणी येतं तेही बऱ्याचदा कोरडेपणामुळेच. पापणीच्या कडेला, केसांच्या लगेच आत, बारीक तेलग्रंथींची तोंडं असतात. त्यांचं तेल अश्रू उडून जाऊ देत नाही. आतल्या कडेला काजळ म्हणजे त्या तोंडांवर मेणाचं बूच. मेकअप केसांच्या बाहेरच्या बाजूला ठेवा. डॉक्टरांनी दिलेले थेंब आधी घाला आणि पंधरा मिनिटं जाऊ द्या.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, किंवा काचबिंदूचे थेंब चालू आहेत.

मोतीबिंदूनंतर डोळ्यांचा मेकअप साधारण ४ आठवडे बंद, पण शब्द तुमच्या सर्जनचा. परत सुरू करताना मस्करा आणि पेन्सिल नवी घ्या. जुनी आयशॅडोही एकदा नव्याने बघा: पिवळट झालेलं भिंग गेल्यावर रंग उजळ आणि निळसर दिसतात, आणि इतके दिवस सौम्य समजून लावलेला रंग प्रत्यक्षात चांगलाच भडक होता असं अनेकींच्या ध्यानात येतं.

काचबिंदूच्या काही थेंबांनी, उदाहरणार्थ लॅटॅनोप्रोस्ट किंवा बिमॅटोप्रोस्ट, पापण्यांचे केस लांब आणि गडद होऊ शकतात आणि डोळ्याभोवतीची कातडी काळवंडू शकते. तशी आलेली काळी वर्तुळं झोप कमी म्हणून नाहीत. थेंब घातल्यावर बाहेर आलेलं औषध लगेच टिपा. मेकअपपायी थेंब चुकवू नका.

नाकाजवळ पापणीवर पिवळट, चपटे डाग आले असतील तर ते कन्सीलरने झाकण्याआधी कोलेस्टेरॉल तपासून घ्या.

रात्री काढायचा कसा? खोबरेल चालतं?

चालतं, उत्तम निघतं. कापूस ओला करून पिळा, त्यावर दोन थेंब खोबरेल, मिटलेल्या डोळ्यावर वीस सेकंद ठेवा आणि मग वरून खाली एकदाच पुसा. पण तिथेच थांबू नका. राहिलेला तेलकट थर रात्री डोळ्यात जाऊन धूसर दिसतं आणि सकाळच्या मेकअपला पायाच मिळत नाही. सौम्य फेसवॉशने मिटलेले डोळे धुऊन टाका. ट्यूबिंग मस्कराला तेल लागत नाही, कोमट पाणीच लागतं.

वस्तू किती दिवस वापराव्यात? पावसाळ्यात ब्रशला वास येतो.

मस्करा उघडल्यापासून ३ महिने, लिक्विड लायनर ३ ते ६ महिने, पेन्सिल वर्षभर, कारण तासली की नवं टोक मिळतं. उघडल्याची तारीख बिलाच्या कागदावर नको, वस्तूवरच चिकटपट्टीवर लिहा. डोळे आले असतील तर त्या काळात वापरलेलं सगळं टाकायचं. महाग होतं हे कारण चालणार नाही.

जून ते सप्टेंबर ब्रश लवकर वाळत नाही आणि ओलाच डब्यात गेला की त्यावर बुरशी धरते. सौम्य शाम्पूने धुवा, केस खाली करून धरा म्हणजे पाणी दांड्यात शिरणार नाही, टॉवेलने पिळा आणि पंख्याखाली टेबलाच्या कडेबाहेर डोकं काढून आडवा ठेवा. पूर्ण वाळायला दीड दिवसही लागतो. सामान बाथरूममध्ये ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटलीतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून, कपाटात ठेवा. आयशॅडोवर पांढरट कापशी तंतू दिसले तर ते वरवर खरवडून उपयोग नाही, टाकून द्या.

मोबाईलच्या फोटोत डोळ्याखाली पांढरे चट्टे का येतात? आरशात तर काहीच दिसत नव्हतं.

फ्लॅशमुळे. बिनरंगी पावडरीतली सिलिका आणि सनस्क्रीनमधलं झिंक ऑक्साइड प्रकाश सरळ परत फेकतात. म्हणून रात्रीच्या कार्यक्रमाला सनस्क्रीन गाळा आणि पावडर त्वचेच्या रंगाची वापरा. घरून निघण्यापूर्वी दिवा घालवून एक फोटो फ्लॅशने काढून बघा. तेवढ्यात चूक दिसली तर ओलसर स्पंजने दोनदा टिपलं की निघते.